सातास सहा

ज्या रुपयाचं नावच 'सध्याचा' असं होतं, तो रुपया सध्या कुठंच नाही. हैदराबाद संस्थानच्या रुपयाला हाली म्हणत. हाली म्हणजे चालू, आत्ताचा. मराठीतल्या 'हाल'शी या शब्दाचं काही नातं आहे की काय, या वादात मी पडत नाही. माझ्या आजीच्या मते ते नातं अगदी सख्खं होतं.

मराठवाड्याच्या पाचही जिल्ह्यांत हा हाली चाले, आणि सरहद्द ओलांडली की इंग्रजांचा रुपया सुरू होई. त्याला आमच्याकडे कलदार म्हणत. कळ म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निजामाचा रुपयाही यंत्रावर पडू लागला, त्यावर झकास चारमिनार आला, पण कलदार ही पदवी इंग्रजाच्या रुपयालाच राहिली. पदव्यांचं असंच असतं. आमच्या गल्लीत एक 'नवे डॉक्टर' होते, ते वारले तेव्हा ८१ वर्षांचे होते.

या दोन रुपयांचा भाव ठरलेला होता : सात हाली बरोबर सहा कलदार. आमच्या गावाला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आणि तेव्हाच्या औरंगाबादला, हा भाव पाढ्यासारखा पाठ होता. मनमाडच्या गाडीत बसायचं म्हणजे एका खिशात हाली आणि दुसऱ्या खिशात कलदार. वाटेत करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, लोक सामान उचकटत. आणि मनमाडला उतरलं की डाव्या खिशातला श्रीमंत माणूस उजव्या खिशात एकसप्तमांशाने गरीब होई.

आता मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. सातास सहा हे ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा. शंभर कलदारांचे हाली किती? ११६ रुपये १० आणे ८ पै. बरोब्बर, एक पैही वरखाली नाही. एका कलदाराचा हाली १ रुपया २ आणे ८ पै. हेही बरोब्बर. आता उलट करा. एका हालीचे कलदार किती? १३ आणे, ८ पै आणि एका पैचे चार सप्तमांश. हे चार सप्तमांश कुठल्या टांकसाळीत पाडणार? म्हणजे बाहेरून आत येणाऱ्याचा हिशेब तंतोतंत जुळे आणि आतून बाहेर जाणाऱ्याच्या हिशेबाचा नेहमी एक तुकडा पडे. तो तुकडा सराफाच्या गल्ल्यात जाई. यात सराफाचा दोष काही नाही, तो अपूर्णांकाचा स्वभाव आहे. पण अपूर्णांक नेहमी एकाच बाजूला कलंडताना दिसला की माझ्यासारख्या कारकुनाला झोप येत नाही.

हा सातास सहा आला कुठून, तेही बघून ठेवू. हाली रुपयाचं वजन ११.१८ ग्रॅम, त्यात चांदी शेकडा ८१.८. कलदाराचं वजन ११.६६ ग्रॅम, चांदी शेकडा ९१.७. कॅल्क्युलेटर हाताशी असेल तर मारून बघा : सात हालींत ६४ ग्रॅम चांदी, आणि सहा कलदारांतही ६४ ग्रॅम चांदी. तागडी जवळजवळ सरळ उभी राहते. म्हणजे भाव खरा होता, मालाला माल होता. पण पुढची गंमत अशी की १९१८ पासून निजामाने नोटा काढल्या, त्यांत चांदी शून्य. १९४० साली इंग्रजांनी आपल्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, आणि १९४७ साली तर निकेलचाच रुपया काढला. चांदी उठून गेली, भाव तिथंच बसून राहिला. देव केव्हाच निघून गेलेत आणि पुजारी सकाळ-संध्याकाळ घंटा वाजवतोय, तसा सातास सहा वाजत राहिला. १९५० साली भारतीय रुपया हालीच्या शेजारी येऊन बसला तोही याच भावाने. आणि १९५९ पर्यंत हाली पार गेला.

तर मग भाव म्हणजे काय? कॉलेजात आम्हाला शिकवलं की भाव म्हणजे मागणी आणि पुरवठा. मी ते परीक्षेत लिहिलं आणि ४८ मार्क मिळवले. बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं काढल्यावर मात्र माझं मत झालंय की भाव म्हणजे घाई. ज्याला घाई जास्त त्याला भाव कमी. मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी विकलेली जमीन आणि लग्न ठरायच्या आधी विकलेली जमीन, सात-बारा तोच, भाव वेगळा. सरकारी भाव भिंतीवर टांगलेला असतो, पण समोरचा माणूस धापा टाकत आला असेल तर सराफ भिंतीकडे बघत नाही, त्याच्या छातीकडे बघतो. सरकारी भाव आणि हातात पडलेला भाव यांतल्या फरकाला जुना शब्द आहे वटाव. कुणी बट्टा म्हणतात. वटाव म्हणजे तुमच्या घाईची दुसऱ्याने लावलेली किंमत.

भाव हट्टही असतो, हेही सांगून टाकतो. १९४८ साली पाकिस्तानसाठी पहिल्या नोटा छापल्या आपल्या नाशिकच्या छापखान्यात. आपल्याच नोटा, वर पाकिस्तान सरकारचे शब्द. एकाच पाळण्यातली जुळी भावंडं. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड घसरला, त्याच्याबरोबर आपण आपला रुपया उतरवला, आणि पाकिस्तान म्हणालं आम्ही नाही उतरवत. झालं. त्यांचे १०० म्हणजे आपले १४४. आपण म्हटलं हा भाव आम्ही मानतच नाही. व्यापार अडला, तागाच्या गाठी तिकडे, गिरण्या इकडे. ताग तोच, गिरणी तीच, माणसं कालपरवापर्यंत एकाच बाजाराची. पुढे १९५१ साली तो भाव मानावा लागला, आणि १९५५ साली पाकिस्तानने रुपया उतरवला. मधल्या काळात कुणाचं पोट कुणाच्या हट्टावर चाललं, याची नोंद कुठल्या खातेवहीत असेल?

हे सगळं मला सुचायचं कारण माझ्या घरातली एक खातेवही आहे. आजोबा शाळामास्तर होते. जमाखर्च एवढ्या बारकाईने लिहीत की १३५७ फसलीत कोथिंबीर केव्हा महाग झाली ते आजही सांगता येतं. (फसली हे निजामाचं सरकारी साल. १३५७ म्हणजे १९४७-४८.) त्या वहीत उन्हाळ्यातल्या एका दिवसाखाली एक ओळ आहे : 'कलदार ६०, हाली ७०, वटाव नाही.' पुढे जमा-नावे काही नाही. पुढची तीनचार महिन्यांची पानं कोरी.

त्या उन्हाळ्याबद्दल ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. रझाकारांचे दिवस. मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं तेव्हा सरहद्दीपलीकडे गेली. आजोबांनीही आजी आणि तान्हं पोर, म्हणजे माझे वडील, यांना घेऊन मनमाडला जायचं ठरवलं. अडचण पैशाची होती. जवळ जे होतं ते हालीत, आणि तेही अगदीच थोडं. पलीकडे पाहिजेत कलदार. आणि १९४७ च्या अखेरीस निजाम सरकारने भारताचा रुपया संस्थानात कायदेशीर चलन राहणार नाही असा हुकूम काढलेला. म्हणजे कलदार कुणाकडे असला तरी तो दाखवायची पंचाईत. मास्तरांसारखा, चेहऱ्यावर मनमाड लिहिलेला माणूस सराफ्यात गेला असता, तर त्याला सातास सहा कुणी दिले असते? पाच दिले असते तरी हात जोडावे लागले असते.

शेजारी हिमरू विणणारे एक चाचा राहत. हिमरूचं गिऱ्हाईक मुंबईचं, पैसे येत ते कलदार. रात्री त्यांनी साठ कलदार आणून दिले. आजोबा म्हणाले, आत्ता माझ्याकडे हाली सत्तर नाहीत, आल्यावर देईन. आणि वटाव किती लावायचा ते तुम्हीच सांगा. चाचा म्हणाले, "मास्टर, सात के छे. इसमें क्या पूछना?" आजीने हे वाक्य मला इतक्या वेळा सांगितलंय की चाचांचा आवाज मी ऐकलेला नाही यावर माझाच विश्वास बसत नाही.

सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली. १७ तारखेला निजाम शरण आला, पुढे महिन्याभराने आजोबा परतले. सत्तर हाली जुळवून चाचांकडे गेले, तर चाचा म्हणाले, "अब्बी नक्को. अब्बी तो आए तुम." १९५० नंतर गेले, तर म्हणाले, "मैं तो कलदार दिया था, ये तो कोई नया सिक्का है." १९५७ च्या एप्रिलात दशमान नाणी आली, आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले, तेव्हा आजोबा पुन्हा गेले. चाचा म्हणाले, "पहले ये नये पैसे का हिसाब मेरी समझ में आने दो." सरकारने केलेली प्रत्येक सुधारणा त्यांनी कर्ज नाकारायला वापरली. पैसे बुडवायला चलनबदलाचा फायदा घेणारे मी पुष्कळ पाहिलेत. आलेले पैसे न घेण्यासाठी त्याचा एवढा कल्पक उपयोग करणारा एकच. मग सत्तरच्या दशकात दोघेही मागेपुढे गेले. आजी २००४ पर्यंत होती. शेवटपर्यंत तिचं एकच : "ते साठ रुपये राहिलेत रे."

हा प्रश्न मी एकदा बँकेत डब्याच्या वेळी काढला. साठ रुपयांचे आज किती द्यायचे? कॅशिअर म्हणाले, साठ. रुपया तो रुपया. रिझर्व्ह बँक आपल्या नोटेवर वचन देते ते रुपयांचं, त्यात भाजी किती येईल याचं नव्हे. हे शास्त्रशुद्ध आहे, पण साठ रुपये घेऊन चाचांच्या नातवाच्या दारात उभं राहायची कल्पना करून बघा. दुसरे एकजण धर्मशास्त्राकडे वळले : दामदुपटीचा नियम आहे, व्याज मुद्दलाच्या वर जात नाही, १२० देऊन मोकळे व्हा. मी कागद घेतला. पंचाहत्तर वर्षं धरली (वरची सूट). सरळ व्याजाने, दरसाल दरशेकडा ६, होतात ३३०. चक्रवाढीने ४,७४३. बारा टक्के चक्रवाढ लावली तर २ लाख ९४ हजारांच्या वर, आणि इथं कॅशिअरांनी डबा बंद केला. सोन्याने मोजायचं तर तेव्हा दहा ग्रॅम सोनं शंभराच्या आतबाहेर होतं, म्हणजे साठ रुपयांचं सहा ग्रॅम. आज दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे. साठ हजार तरी झाले. चांदीने मोजायला गेलो तर सत्तर हालींची ६४० ग्रॅम, पण चाचांनी दिल्या त्या नोटा की नाणी हे वहीत नाही.

एकाच कर्जाचे साठपासून तीन लाखांपर्यंत भाव, आणि प्रत्येक भावामागे एक विद्वान. हाली आणि कलदार निदान दोन वेगळ्या सरकारांचे होते. त्यांच्यात कुणीतरी सातास सहा ठरवून दिला होता. १९४८ चा रुपया आणि आजचा रुपया यांच्यामध्ये मनमाड नाही, करोडगिरी नाही, सराफसुद्धा नाही. नाव तेवढं एक आहे.

कायदा विचाराल तर तो सगळ्यात उदार निघाला. तीन वर्षांत दावा लावला नाही, मुदत संपली, काही देऊ नका. पण त्यातही मेख आहे. मुदत संपली म्हणजे कोर्टाचा दरवाजा बंद. कर्ज मेलं असं कायदा म्हणत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं २५ वं कलम तर सांगतं, मुदतबाह्य कर्ज फेडायचं लेखी वचन दिलंत तर ते बांधील आहे. त्याच कलमात मोबदल्याशिवाय नुसत्या प्रेमापोटी केलेला करारही चालतो असं आहे. अट एवढीच की माणसं जवळच्या नात्यातली हवीत आणि प्रेम लेखी असून रजिस्टर केलेलं हवं. शेजारी या शब्दाला त्या कलमात जागा नाही.

कर्ज विभागातल्या बाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही साठच्या मागे लागलाय. साठचं काहीतरी होईल. वहीत 'वटाव नाही' लिहिलंय, त्याचं काय करणार?"

हे मात्र मला सुचलं नव्हतं. साठ कलदार हे उसने होते, ते परत करता येतात; निदान कॅल्क्युलेटर बडवता येतो. पण त्या रात्री जो वटाव सहज घेता आला असता आणि घेतला नाही, तो कुठल्या बाजूला लिहायचा? आजोबांनी तो लिहिलाय, म्हणजे त्यांना तो दिसला होता. त्यांच्या घाबरलेपणाला बाजारात जो भाव होता, तो चाचांना माहीत होता. तरी त्यांनी भिंतीवरचा भाव दिला, आणि ज्या भिंतीवर तो टांगला होता ती तेव्हा पडत होती. याची परतफेड करायची तर तशीच वेळ त्यांच्यावर यायला हवी, आणि ती यावी असं कर्जदाराने म्हणायचं तरी कसं?

शेवटी गेल्या रमजान ईदनंतर मी चाचांच्या नातवाकडे गेलो. तो माझ्याच वयाचा. जुन्या शहरात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. हातमाग त्यांच्या घरातून केव्हाच गेला. मी वही उघडून ती ओळ दाखवली आणि म्हटलं, एवढे दिवस राहून गेलं, तुम्हीच भाव सांगा. त्याने ओळ दोनदा वाचली. मराठी तो माझ्याइतकीच चांगली वाचतो. मग म्हणाला, "दादा, हमारे घर में तो उल्टा हिसाब है. हमारे हिसाब से तुम्हारे निकलते."

त्याच्या घरात सांगत आलेत ते असं. पोलीस कारवाईनंतर चाचांना संशयावरून धरून नेलं होतं. त्या दिवसांत अशी पुष्कळ माणसं नेली जात, आणि सगळीच परत येत नसत. मास्तर नुकतेच परतले होते. ते तीन दिवस रोज सकाळी जाऊन कचेरीच्या दारात बसले, आणि चौथ्या दिवशी या माणसाला मी ओळखतो, हा रझाकार नाही, असं लिहून देऊन त्यांना घरी घेऊन आले. तेव्हा आजूबाजूला असं लिहून देणारे फार नव्हते.

मी वही पुन्हा चाळली. १९४८ ची शेवटची पानं, ऑक्टोबर, नोव्हेंबर. कोथिंबीर आहे. घासलेट आहे. पोराला डांग्या खोकल्याचं औषध आहे. कचेरीचं एक अक्षर नाही. आजीलाही हे माहीत नव्हतं, नाहीतर तिने मला सोडलं नसतं. मी बँकेतला माणूस, माझ्या डोक्यात पहिला विचार आला की ही रक्कम तिथल्या तिथे वळती करता आली असती : साठ कलदार नावे, तीन दिवस जमा, खातं बंद. आजोबांनी ते केलं नाही. साठ तसेच ठेवले आणि १९५७ पर्यंत फेडायला जात राहिले. चाचांनीही वळते केले असते तर 'हो गया हिसाब' एवढं म्हणून मोकळे झाले असते. तेही म्हणाले नाहीत. दर वेळी नवीन सबब काढली.

नातवाला मी म्हटलं, ते वेगळं, हे वेगळं. साठ रुपये तुमचे आहेतच. तो म्हणाला, मग तीन दिवस आमच्याकडे आहेत, त्यांचा भाव आधी ठरू दे. मी म्हटलं, दिवसांचा भाव नसतो. तो म्हणाला, "क्यों नहीं? तुम्हारी बँक में तो दिनों काच ब्याज लगता ना?" यावर मला उत्तर आलं नाही. गिऱ्हाईक आलं, त्याच्या फोनची काच फुटली होती. त्याच्याशी घासाघीस होऊन साडेतीनशेवर सौदा तुटला. मग आम्ही पुन्हा सुरू केलं. मी वाढवत होतो, तो नको म्हणत होता. तो वाढवत होता, मी नको म्हणत होतो. असा लिलाव मी आयुष्यात पाहिला नव्हता.

दुकान बंद करायच्या वेळेपर्यंत काही ठरलं नाही. त्याने वहीतल्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. त्यांच्याकडेही चाचांची एक पेटी आहे म्हणे, उर्दू कागदांची. पुढच्या महिन्यात ती उघडून बघणार आहे.